दुडकी

मराठीत माणूस जाड होत नाही, त्याची तब्येत सुधारते. माझी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात सात किलोंनी सुधारली, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना कोण समाधान वाटलं होतं! सासूबाईंना वाटलं, आपली मुलगी चांगलं करून घालते; आईला वाटलं, सून हात आखडता घेत नाही. पुढे मुलगी झाली, बढती मिळाली, बदली टळली, आणि दर शुभवर्तमानाबरोबर माझी तब्येत थोडी थोडी सुधारतच गेली. मावश्या ‘अंग धरलंय’ म्हणाल्या, शेजारी ‘पुण्याचं पाणी मानवलंय’ म्हणाले, शिंपी काहीच न बोलता टेप जरा सैल धरायला लागला.

त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन आमचे डॉक्टर म्हणाले, ‘आता जरा तब्येत सुधारायला हवी,’ तेव्हा यांना आणखी काय हवंय ते मला खरंच कळेना.

साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा ६.१ आला होता. ‘बॉर्डरवर आहात,’ डॉक्टर म्हणाले. आमच्या घराण्यात बॉर्डरवर गेलेला मी पहिलाच. मग त्यांनी माझं वजन, ८४ किलो, आणि उंची, पाच फूट सहा इंच, यांचा काही भागाकार करून २९.९ हा बीएमआय काढला. हा भागाकार ज्यांनी शोधून काढला ते आदोल्फ केतले हे एकोणिसाव्या शतकातले बेल्जियन गृहस्थ. ते डॉक्टर नव्हतेच मुळी. खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. आकाशातले गोल मोजून झाल्यावर ते जमिनीवरच्या गोलांकडे वळले असावेत. जागतिक मोजपट्टीवर तीसपासून पुढे माणूस लठ्ठ धरतात, म्हणजे मी थोडक्यात वाचलो होतो. पण आपल्या लोकांची चरबी नेमकी पोटाभोवती साठते आणि कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून भारतीयांसाठी ही रेघ पंचविसावर ओढलेली आहे. याचा अर्थ असा, की ब्रुसेल्सच्या विमानतळावर उतरलो तर मी नुसता भरलेल्या अंगाचा, आमच्या सहकारनगरात लठ्ठ. हे घरी येऊन बायकोला सांगितलं.

‘मग जा ब्रुसेल्सला,’ ती म्हणाली. ‘पण चालत जा.’

चालायचं सोडून मी एकदम धावण्यावर का घसरलो, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं आणि उदात्त कारण दिलं. खरं कारण इथे सांगतो: आळस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, म्हणजे झपझप चालणं वगैरे. नाहीतर ७५ मिनिटं जोरकस व्यायाम करा, म्हणजे धावणं. मी बँकेत नोकरी करतो. निम्म्या मुदतीत तेवढाच परतावा देणारी योजना समोर असताना दुप्पट मुदतीची कोण घेईल? अटी व शर्ती बारीक अक्षरात असतात, हे दिवसभर गिऱ्हाइकांना बजावणारा मी स्वतः मात्र त्या वाचायला विसरलो.

‘एक जानेवारीपासून मी रोज सकाळी पळणार,’ असं रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर केलं.

‘कुणापासून?’ आईने विचारलं.

‘आजी, कुणाबरोबर, ते विचार,’ मुलगी म्हणाली.

बायकोने भात वाढता वाढता माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ‘आधी भाताचा हात तर आखडा’ एवढंच म्हणून वाढायचं थांबवलं. पण आईच्या प्रश्नात मला पुढे फार अर्थ दिसायला लागला. मराठी माणूस पळतो तो नेहमी कशापासून तरी किंवा कुणाबरोबर तरी. धावतो तो कशामागे तरी: पीएमटीमागे, लोकलमागे, पैशामागे. आपल्या आयुष्यात धावपळ भरपूर असते, तीत धावणं अजिबात नसतं. पण मागे कुणी नाही, पुढे काही नाही, आणि फिरून घरीच यायचं आहे, अशा स्थितीत पळणारा माणूस आपल्या भाषेला ठाऊकच नाही. म्हणून तो रस्त्यात दिसला की लोक थांबून बघतात. त्यातून तो ८४ किलोंचा असला तर बघणाऱ्यांनाही काही वावगं वाटत नाही.

बूट घ्यायला गेलो. दुकानातला मुलगा शिडशिडीत होता आणि त्याच्या बोलण्यात घाई होती. ‘सर, हाफ की फुल?’

‘हाफ,’ मी सवयीने म्हणालो. ‘पार्सल.’

तो मॅरेथॉनबद्दल विचारत होता. हाफ म्हणजे एकवीस किलोमीटर, फुल म्हणजे बेचाळीस. ‘यंदा सातारा करताय का?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. साताऱ्याला २०१२ पासून पावसाळ्यात एक अर्धमॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि उतरून यायचं. पूर्वी लोक ‘काशी केलीत का?’ असं ज्या सुरात विचारत, त्याच सुरात पुण्यातले धावणारे हल्ली ‘सातारा केलंत का?’ असं विचारतात. मी म्हटलं, सध्या सहकारनगर करू, मग पुढचं बघू. त्याने काढून दिलेल्या बुटांची किंमत ६,४९९ रुपये होती. ती वाचली आणि छातीत धडधडायला लागलं; व्यायाम असा दुकानातच सुरू झाला. बुटांबरोबर घाम टिपणारा एक पोपटी टी-शर्टही घेतला. घाम तो कितपत टिपतो सांगता येणार नाही, पण पोटाची एकूणएक घडी मात्र अचूक टिपतो.

मुलीने फोनमध्ये नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम भरून दिला होता. हा कार्यक्रम जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईला सोफ्यावरून उठवण्यासाठी बेतला. (आमच्याकडे मुलगी बापाला उठवत होती, एवढाच फरक.) आधी पाच मिनिटं चालायचं. मग ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, पुन्हा ६० सेकंद धावायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा. साठ सेकंद! मला हसू आलं. साठ सेकंदांत कुकरची एक शिट्टी होत नाही.

एक जानेवारी, सकाळचे पावणेसहा. अंधार, थंडी, तोंडातून वाफ. पाच मिनिटं चालणं झालं आणि कानातल्या बाईंनी इंग्रजीत ‘धावा’ असा हुकूम सोडला. पहिली दहा सेकंदं मी मिल्खासिंग होतो. पंधराव्या सेकंदाला लक्षात आलं, की मी आणि माझं पोट वेगवेगळ्या वेळापत्रकाने धावतोय. मी वर गेलो की ते खाली यायचं, मी जमिनीवर टेकलो की ते वर निघायचं. खिशातला किल्ल्यांचा जुडगा नंदीबैलाच्या घुंगरांसारखा वाजत होता. पंचविसाव्या सेकंदाला तोंड आपोआप उघडलं. पस्तिसाव्याला उजव्या बरगडीखाली चमक निघाली. चाळिसाव्याला मी डेअरीसमोर पोचलो. दुधाच्या पिशव्या उतरवणारा पोरगा हातातला क्रेट तसाच धरून उभा राहिला आणि माझ्या मागे कोण लागलंय ते वाकून बघू लागला. मागे कुणीच नाही हे पाहून तो जास्त घाबरला. पन्नासाव्या सेकंदाला मला वाटलं, फोन बंद पडला असणार, कारण इतका वेळ कुठलंही मिनिट चालत नाही. मग बाई ‘चाला’ म्हणाल्या. मी थांबलो. पोट दोन सेकंदांनी थांबलं.

डेअरीच्या पुढच्या कोपऱ्यावर आमच्या भागातला तांबडा कुत्रा झोपलेला असतो. धावणाऱ्याच्या मागे लागणं हा तो आपला जन्मसिद्ध हक्क समजतो. पेपरवाल्या पोराला सोडत नाही, स्कूटरला सोडत नाही. दुसऱ्या फेरीत मी त्याच्यासमोरून धावत गेलो. त्याने एक डोळा उघडला. मान उचलली. मला आपादमस्तक बघितलं, आणि मान पुन्हा पंजांवर ठेवून डोळा मिटला. बढतीच्या मुलाखतीतही माझ्याकडे कुणी इतक्या तुच्छतेने बघितलेलं नाही.

चौथ्या फेरीला मागून स्कूटर आली. पहिल्या मजल्यावरचे काका भल्या पहाटे मंडईत जातात. ‘काय हो, रिक्षा मिळत नाहीये का?’

‘व्यायाम करतोय’ हे दोनच शब्द, पण तेवढीही हवा माझ्याजवळ शिल्लक नव्हती. मी हातानेच ‘नको, नको’ अशी खूण केली. काकांनी ती ‘थांबा, थांबा’ अशी घेतली. स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात माझा चेहरा बघून आवाज खाली आणत विचारलं, ‘दवाखान्यात जायचंय का?’

खोटं कशाला बोलू, मी बसलो. दवाखान्यात नको, घरी सोडा, एवढं सांगण्यापुरता श्वास तोवर परत आला होता. कार्यक्रमातली पुढची काही मिनिटं मी अशी काकांच्या मागे बसून पार पाडली. फाटकाशी उतरतोय तोच कानातल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं: आजवरचा सर्वोत्तम वेग, एक किलोमीटर दोन मिनिटं नऊ सेकंदांत. तो विक्रम माझ्या नावावर अजून आहे. जगात कुणाच्याही नावावर नसेल.

त्या दिवशी काहीच दुखलं नाही, आणि मी ऑफिसात तसं दोघातिघांना सांगूनही टाकलं. पण स्नायूंचं दुखणं हे कर्जवसुलीसारखं असतं, ते मुदत देऊन मग येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या अशा धरल्या होत्या, की जिना मी कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारखा आडवा उतरलो. शिवाय मांड्या काचल्या होत्या. सडपातळ माणसांना हा शब्द समजावून सांगणं अवघड आहे. त्यांच्या दोन मांड्यांची आयुष्यात एकमेकींशी ओळख झालेली नसते. आमच्या मात्र जुन्या शेजारणी, सतत अंगाला अंग लावून. खोबरेल तेल हा त्यावरचा उतारा. धावण्यावरची पुस्तकं श्वासाबद्दल, पावलांबद्दल, पाण्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. पण जाड्या माणसाने धावण्यापूर्वी मांड्यांना बोटभर तेल लावावं, हे मला एकाही विद्वानाने सांगितलं नाही. ते वॉचमनमामांनी सांगितलं. ते गावाकडे कुस्ती करायचे.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. त्यात गुडघ्यांची काळजी सर्वांत जास्त लोकांना होती. ज्यांनी गेल्या वीस वर्षांत मला ‘कसा आहेस’ असं विचारलं नव्हतं, ते थांबवून थांबवून माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. ‘गुडघे जातील हो!’ जणू काही ते सामान आवरून बसलेत आणि मी धावलो की निघणार. शंका अगदीच खोटी नव्हे. धावताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोराने जमिनीवर आदळतं. माझ्या बाबतीत म्हणजे किमान पावणेदोन क्विंटलच्या आसपास. मार्केट यार्डातली कांद्याची साडेतीन पोती दर पावलाला उतरवायची! म्हणूनच आमच्यासारख्यांनी एकदम धावत सुटायचं नाही, ६० सेकंदांनी सुरुवात करायची. पण हौसेने, बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या माणसांपेक्षा उलट बरे राहतात असंही दिसलेलं आहे. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीत हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्क्यांना सापडली, बसून राहणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक लोकांना. स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांत मात्र ती तेरा टक्क्यांवर होती. तो धोका मला संभवत नव्हता. हे आकडे मी कट्ट्यावरच्या ज्येष्ठांपुढे ठेवले. ते शांतपणे ऐकून घेऊन त्यांच्यातले एक जण म्हणाले, ‘ते तिकडचे गुडघे. आपल्या गुडघ्यांचं तसं नसतं.’

ऑफिसात याहून जबरदस्त हत्यार निघालं: जिम फिक्स. धावणाऱ्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी या गृहस्थाची गोष्ट सांगतंच. फिक्स हा पस्तिशीत धावायला लागलेला, शंभर किलोंच्या आसपास वजन असलेला, दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढणारा माणूस. धावून धावून बारीक झाला, सिगारेट सुटली, १९७७ मध्ये त्याने धावण्यावर पुस्तक लिहिलं ते हातोहात खपलं, आणि १९८४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धावायला गेला असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. ही गोष्ट माझा सहकारी मला वडापाव खाता खाता सांगत होता, आणि शेवटी त्याने मिरचीचा तुकडा मोडत ‘म्हणून सांगतो’ असं म्हटलं. फिक्सच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षीच पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते, हा पुढचा भाग मी सांगायला लागलो तोवर त्याचा दुसरा वडापाव आला होता. न धावता गेलेल्यांची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. त्यात नावीन्य नाही.

दोन आठवड्यांनी मी रस्ता सोडून तळजाईच्या टेकडीवर जायला लागलो. चढ रिक्षाने, वरचं सपाट दुडक्या चालीने. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात म्हणे टेकडीवर जत्रा असते. नवे बूट, नवे टी-शर्ट, नवे संकल्प. संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला, की निम्मे नवे गडी दिसेनासे होतात. मी गेलो तोवर गर्दी ओसरून फक्त नेहमीची मंडळी उरली होती. कानटोपी, स्वेटर आणि काठी असलेले आजोबा. मोराचा आवाज आला की थांबून एकमेकांना ‘मोर’ असं सांगणारे नवरा-बायको. हास्यक्लबवाले, त्यांच्यासमोरून धावताना ते नेमके कशाला हसतायत याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पायथ्याशी कारल्याचा, दुधीचा, गव्हांकुराचा रस विकणारे, आणि त्यांना अगदी खेटून इडली-वडे आणि पोहे विकणारे. एकाच गिऱ्हाइकाचे दोन्हीकडे पैसे जातात, त्यामुळे त्यांच्यात भांडण नाही.

तिथे एका सकाळी एक आजी मला मागे टाकून पुढे गेल्या. पंच्याहत्तरीच्या असतील. नऊवारी, वर पुरुषी स्वेटर, पायात पांढरे कापडी बूट. त्या चालत होत्या. मी धावत होतो. हे वाक्य मी दोनदा तपासून मग लिहिलंय. वीसेक पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या, वळल्या, आणि मी शेजारी पोचेपर्यंत वाट बघितली.

‘अरे बाळा,’ त्या म्हणाल्या, ‘कुठं पोचायचंय का तुला?’

मी मान हलवली. नाही.

‘मग घाई कशाला? बोलता येईल एवढंच पळावं.’

आणि गेल्या. याहून हळू पळायचं म्हणजे उलटं जावं लागेल, असं मी मनात म्हटलं. पण करून बघितलं. पावलं छोटी केली, इतकी की बूट जेमतेम जमिनीवरून सुटत होते. खांदे सैल सोडले. आणि काय आश्चर्य, ६० सेकंदं संपली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. म्हणून पुढे मी शोधाशोध केली, तर आजींचा हा नियम जगभर पाठ आहे असं निघालं. जॉगिंगची लाट अमेरिकेत नेली ती बिल बॉवरमन या नामांकित प्रशिक्षकाने. पुढे नायके कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी हा एक. १९६२ साली हा न्यूझीलंडला गेला होता. तिथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने ऑकलंडमधल्या सामान्य लोकांना, त्यात हृदयविकारातून उठलेल्यांनाही, हळूहळू धावायची सवय लावली होती. पन्नाशी उलटलेला बॉवरमन त्या घोळक्याबरोबर टेकडीवर धावायला निघाला आणि थोड्याच वेळात धापा टाकत मागे पडला. त्याच्या सोबतीला कोण थांबलं? हृदयविकाराचे झटके पचवलेले ७३ वर्षांचे एक आजोबा. ते मजेत गप्पा मारत होते. ऑलिंपिकवीर घडवणाऱ्या बॉवरमनला उत्तर द्यायला दम नव्हता. परत जाऊन त्याने वजन घटवलं आणि १९६७ मध्ये जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. धावताना बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग कमी करा, हे त्यातलं सार. पुणेकराला याहून सोयीचा व्यायाम निसर्गाने दिलेला नाही. गप्प बसा असं सांगणारा असता, तर मी पहिल्याच आठवड्यात सोडला असता.

जॉगिंगला मराठीत शब्द नाही म्हणतात. आहे. दुडकी. टांग्याचं घोडं धड चालत नाही, धड दौडत नाही, मधल्याच एका लयीत टापा टाकत जातं, ती. एक दिवस आजींच्या मागे तशा लयीत जाताना तो शब्द मला आठवला, आणि त्या दिवसापासून मी ‘पळायला जातो’ म्हणायचं सोडलं. ‘दुडकायला जातो’ म्हटलं की कुणी ‘कुणाबरोबर’ असंही विचारत नाही.

आता हिशेबाचा भाग. बँकवाला आहे, तो टाळता येणार नाही. एक किलोमीटर धावलं, की दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जळते. म्हणजे मी एक किलोमीटर दुडकलो की ८४. तीन किलोमीटरला अडीचशे. वडापाव एकटा तीनशेच्या घरात. घरी पोचतो तेव्हा आईने ‘दमून आलाय’ म्हणून साजूक तुपातला शिरा केलेला असतो, त्याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. भागिले ८४, म्हणजे ९२ किलोमीटर. पुण्याहून जवळपास एवढ्या अंतरावर कोणतं गाव आहे ते मी बघितलं. वाई. म्हणजे एक किलो वजन कमी करायचं, तर कुठेही काही न खाता दुडकत दुडकत वाईपर्यंत जायला हवं. आणि घाटावर पोचल्यावर दर्शनाला समोर कोण? ढोल्या गणपती! एवढी पायपीट करून आलेल्या भक्ताकडे बघून त्या मूर्तीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, तर मी तरी काय म्हणणार?

हा हिशेब कळल्यावर बायकोने शिरा आठवड्यातून एकदाच, असा ठराव केला आणि सासूकडून मंजूर करून घेतला. ते तिने कसं केलं हे मला माहीत नाही. धावण्याने भूक वाढते, वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. पण ताट आवरायची लाज धावण्याने येते. सकाळी ज्या पोटाला टेकडीभर वाहून नेलं, त्यात रात्री तिसऱ्यांदा भात घालताना हमालाच्या जिवावर येतंच.

नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मी एकोणीस आठवड्यांत पुरा केला. मध्ये एकदा सर्दी झाली, एकदा मार्चअखेर होती, आणि पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस, ज्यात एकदम सलग वीस मिनिटं धावायचं असतं, तो मी पाच वेळा केला. मे महिन्यात एका सकाळी सलग तीस मिनिटं दुडकलो. अंतर झालं तीन किलोमीटर आणि थोडं. झाडावर मोर ओरडला तेव्हा मी शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ‘मोर’ असं म्हणालो. धावता धावता, स्पष्ट, एका श्वासात. तांबड्या कुत्र्याने मात्र अजून माझी दखल घेतलेली नाही.

वजन ८४ वरून ८० वर आलं. साखरेचा आकडा ६.१ वरून ५.८. डॉक्टर म्हणाले, ‘अजून बॉर्डरवरच आहात, पण तोंड बरोबर दिशेला आहे.’ पट्ट्याला एक भोक आत पाडलं. त्याच महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात शिरतोय तोच धाकट्या मावशीने मला गाठलं, दोन्ही दंड धरून उजेडाकडे वळवलं आणि तिचा चेहरा पडला.

‘काय रे, किती खराब झालास! बरं नाही का?’

चार किलोंबद्दल मला मिळालेली ही पहिली पावती. मी समजावून सांगेपर्यंत तिने वाढप्याला बोलावून माझ्या पानात चार जिलब्या टाकायला लावल्या होत्या आणि आईला बाजूला घेऊन ‘शुगर-बिगर तपासलीत का त्याची?’ असं विचारायला सुरुवात केली होती. मी दोन खाल्ल्या. दोन बायकोने माझ्या पानातून उचलल्या.

तर एक विनंती. आमच्या भागात सकाळी सहाच्या सुमाराला पोपटी टी-शर्टातला एक गृहस्थ, ना चालत ना धावत, तुमच्या वाहनाच्या आडवा आला, तर रिक्षा मिळत नाही का, दवाखान्यात सोडू का, असं कृपा करून विचारू नका. तो हात हलवेल तो ‘नको’ म्हणूनच. मात्र तोंड घराच्या दिशेने असेल, तर दोनदा विचारा.